कुंदाताईंचा निळा

कुंदाताई गायकवाड माणसाला नावाने हाक मारायच्या नाहीत, पत्त्याने मारायच्या. मी बदलापूरच्या कात्रपमधून यायची म्हणून मी ‘कात्रप’. मशीनमन रफिकभाई शहाडला राहायचे, ते ‘शहाड’. मालक लछूसेठ प्रेसच्या वरच्याच मजल्यावर राहायचे, त्यांना त्या ‘वरचे’ म्हणायच्या. ‘थांबा, वरच्यांना विचारून सांगते,’ असं त्या फोनवर म्हणाल्या की नवं गिऱ्हाईक पलीकडे एकदम गप्प व्हायचं.

आमचा ऑफसेट प्रेस उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, एका गल्लीच्या टोकाला. खाली मशीन, जिन्याच्या मध्यावर पोटमाळा आणि पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर. एकावर मी डिझाइन करायची आणि दुसऱ्यावर कुंदाताई त्याची चिरफाड करायच्या. ह्या कामाला प्रीप्रेस म्हणतात. छापण्याआधी फाइल तपासायची, तिच्यातले रंग सुटे करायचे आणि प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट काढायला पाठवायची. मशीनवर पहिली शीट निघाली की ती कुंदाताईंपुढे यायची. त्यांनी कोपऱ्यात ‘ओके’ लिहून सही केली की मगच बाकीचा ढीग सुटायचा. एवढा मोठा प्रेस, पण चालायचा एका बाईच्या दोन डोळ्यांवर.

आणि ते डोळे दगा द्यायला लागलेत हे एक त्या सोडून आम्हां सगळ्यांना कळून चुकलं होतं. पण त्यांना ते सांगणार कोण? सांगणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

तशा त्या अंबरनाथच्या, बुवापाड्याच्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, आवाज असा की खाली मशीन चालू असतानाही वरून मारलेली हाक रफिकभाईंना ऐकू जायची. डब्यात बाजरीची भाकरी आणि बोंबलाची चटणी, आणि ती चटणी आम्ही खाल्लीच पाहिजे अशी सक्ती. नको म्हटलं तर ‘कात्रपला मोठे झालात तुम्ही, फ्लॅटमध्ये राहता,’ असं ऐकून घ्यायला लागायचं. स्वतःच्या कामाचा त्यांना भारी गर्व. नम्रपणा वगैरे भानगड त्यांच्या गावीच नव्हती. ‘ह्या लायनीत माझ्यासारखी नजर कल्याणपासून कर्जतपर्यंत कोणाची नाही,’ हे त्या पाणी मागावं इतक्या सहज सांगायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी शाळा घेतली. मी कोर्स करून आले होते, मला हे सगळं ठाऊक होतं, पण तसं सांगायची सोय नव्हती.

“ए कात्रप, नीट ऐक. निळा, गुलाबी, पिवळा, काळा. हे चार घरचे. एकमेकांत मिसळतात, भांडतात, त्यांच्यातूनच बाकीचे सगळे रंग होतात. पण कोणाला सोनेरी पाहिजे, कोणाला कंपनीचा ठरलेला एकच लाल पाहिजे, तर तो असा मिसळून होत नाही. त्याची शाई वेगळी बनवून आणायची. तो स्पेशल कलर. तो म्हणजे जावई. त्याला वेगळी प्लेट, वेगळा मान. आणि जावई घरात एकच बरा. चार जावई एकदम आले तर काय होतं?”

“काय होतं?”

“घरच्यांना उपास पडतो,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या.

ह्या जावयांचा त्यांना फार राग. एकदा एक पापडवाला पाकिटाचं डिझाइन घेऊन आला. ते त्याच्या मेहुण्याने घरी बसून केलेलं. मेहुण्याने प्रत्येक लाल छटेला वेगळा स्पेशल कलर नेमून दिला होता. मिरचीचा लाल वेगळा, नावाचा वेगळा, काठाचा वेगळा. कुंदाताईंनी सेपरेशनची, म्हणजे सुट्या रंगांची, खिडकी उघडली आणि चारांच्या जागी नऊ रंगांची रांग बघून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या.

“हे पापडाचं पाकीट आहे का रुखवत?”

“मॅडम, स्क्रीन पे तो एकदम बढिया दिख रहा है,” पापडवाला कळवळून म्हणाला.

“स्क्रीनवर मीपण गोरी दिसते. छापून आल्यावर कळतं.”

मग त्यांनी सगळे लाल उचलून एकाच लालात घातले. पापडवाला खूश होऊन पापडाचं एक पुडकं ठेवून गेला. संध्याकाळी भाजून खाल्ल्यावर ह्यांनी त्याला फोन केला, की पाकीट सुधारलं, आता पापडातलं मीठ तेवढं कमी करा.

त्यांची तपासायची पद्धत ठरलेली. स्क्रीनवर प्रत्येक रंगापुढे डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की तो रंग दिसेनासा होतो. कुंदाताई एकेक रंग बंद करत जायच्या आणि मागे काय उरतं ते बघायच्या. शेवटी एकच रंग ठेवला की तो त्याच्या रंगात दिसतच नाही, नुसता काळा-करडा दिसतो. कारण प्लेटला रंग नसतो, कुठे किती शाई द्यायची एवढंच तिला कळतं. ह्या काळ्या-करड्यात बाईंना चूक दिसली नाही असं मी तरी पाहिलं नाही.

एका लग्नपत्रिकेची गोष्ट तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. पत्रिका डाळिंबी, त्यावर नवरा-नवरीची नावं पांढरी. छपाईत पांढरा म्हणजे शाईच नाही, तेवढा कागद कोरा सोडायचा. पण फाइल करणाऱ्याने नवऱ्याच्या नावाला चुकून ‘ओव्हरप्रिंट’ लावून ठेवलं होतं, म्हणजे खालचा रंग न कापता वरून छापायचं. पांढरं वरून छापायचं म्हणजे काहीच छापायचं नाही! स्क्रीनवर नाव ठळक दिसत होतं. कुंदाताईंनी सेपरेशन लावलं आणि तिथे नुसता सलग डाळिंबी. झालं, उचलला फोन आणि लावला थेट नवरीच्या बापाला.

“काका, तुमचा नवरामुलगा गेला.”

“गेला म्हणजे?” पलीकडून बाप ओरडला.

“अहो, आत्ताच बघितलं मी. कुठेच नाहीये. नवरी आहे एकटी.”

फोन पडल्याचा आवाज आला आणि मागून बायकांचा गलका. थोड्याच वेळात नवरीचा बाप दोन भावांना घेऊन प्रेसमध्ये हजर. त्याला स्क्रीनसमोर बसवून सगळं दाखवलं तेव्हा तो बिचारा पाण्याचा अख्खा तांब्या प्यायला आणि मग जो हसत सुटला तो थांबेना. लग्नाचं पहिलं आमंत्रण कुंदाताईंना. त्या गेल्या, जिलेबी हाणली आणि स्टेजवर चढून नवऱ्याच्या खांद्याला बोट लावून म्हणाल्या, “आहे ना? बरं झालं.”

बाजारात त्यांच्याबरोबर जायची मात्र मला धास्ती. ब्लाउजपीसचा रंग त्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कधी बघायच्या नाहीत. कापडाचं ठाण घेऊन सरळ रस्त्यावर उन्हात यायच्या, आणि दुकानदार ‘मॅडम, ओ मॅडम’ करत मागे धावायचा. चोरी वाटून लोक जमायचे. ह्या मधोमध उभ्या राहून सांगायच्या, “दुकानातला रंग आणि दुकानातला माणूस, दोन्ही बाहेर आणून बघावेत.” हे ज्याच्या तोंडावर बोलल्या तोच दुकानदार पुढे त्यांना चहा पाजायला लागला.

तर अशी ही बाई. आणि एके दिवशी मी गडद निळा ड्रेस घालून आले तर म्हणाल्या, “काय गं, रोज रोज काळं का घालतेस? घरी सगळं ठीक ना?”

मी हसून सोडून दिलं. पण मग रफिकभाई एकदा वर आले आणि हळूच म्हणाले, “दीदी, ताई को नीला बराबर नहीं दिख रहा. कुछ तो लोचा आहे.” निळी शीट दाखवली की कुंदाताई म्हणायच्या, मळका आहे, उजळ कर. रफिकभाई काचेवर शाई परत घोटायचे, परत दाखवायचे. परत मळका. शेवटी त्यांनी काही न करता तीच शीट तीनदा आणून दाखवली. तिसऱ्यांदा कुंदाताई म्हणाल्या, “हां, आत्ता आला माझा निळा!” आणि ऐटीत सही केली. रफिकभाईंनी ती शीट माझ्यापुढे धरली. 

त्या दिवसापासून आमचं नाटक सुरू झालं. निळ्याचं काम असलं की खरा निर्णय रफिकभाई आणि मी घ्यायचा आणि सही कुंदाताईंची घ्यायची. लछूसेठही सामील. ‘कुंदाबेन का दिल नहीं दुखाने का,’ एवढंच ते म्हणाले. प्रेमापोटी चाललेली फसवणूक होती ती, पण फसवणूकच. मला त्याची लाज वाटायची, आणि तरी तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही.

एका कामात मात्र आमची मात्रा चालणार नव्हती. एप्रिलमधल्या जयंतीला बुवापाड्याच्या मंडळाचं मोठं पत्रक निघायचं, आणि ते काम कुंदाताईंचं एकटीचं. त्यांच्या सासऱ्यांनी तरुणपणी जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरलेला. चार घरच्या रंगांतून निळा केला की तो हटकून जांभळ्याकडे झुकतो, आणि झेंड्याला जांभळा ही कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही. म्हणून एरवी जावयांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या कुंदाताई ह्या एका पत्रकाला मात्र स्पेशल निळा लावायच्या. शेडकार्ड बघायच्या नाहीत, मागच्या वर्षीचा कागदही समोर ठेवायच्या नाहीत. “तो निळा कार्डात नाही, माझ्या डोक्यात आहे,” म्हणायच्या आणि मशीनपाशी उभ्या राहून रफिकभाईंकडून शाई घोटून घ्यायच्या.

त्या वर्षीही उभ्या राहिल्या. समोर उभ्या असताना नाटक करणार कसं? “मळका आहे, उजळ कर. अजून. अजून.” रफिकभाई शाईत पांढरा टाकत गेले आणि माझ्याकडे बघत गेले. मी दोनदा म्हणाले, “ताई, बास आता, छान दिसतोय.” तर मलाच झापलं, “तुला काय कळतं गं निळ्यातलं?” शेवटी त्यांच्या मनासारखा झाला. सही झाली. सगळी पत्रकं छापून निघाली, लख्ख आकाशी.

बुवापाड्यात कोणी काही बोललं नाही. मंडळातली मंडळी त्यांना घाबरायची. बोलली ती त्यांची नणंद, सुशीलाबाई. पत्रक हातात घेऊन म्हणाली, “वहिनी, यंदा शाळेच्या युनिफॉर्मचा रंग का लावलास गं?”

पुढचं मला त्यांनी स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटमाळ्यावर आल्या, डबा ठेवला, कॉम्प्युटर लावला नाही. म्हणाल्या, “कात्रप, मी काल गेल्या वर्षीचं पत्रक काढलं. ट्रंकेत प्लॅस्टिकमध्ये ठेवलेलं. दोन्ही उन्हात नेली. यंदाचं मला बरोबर दिसलं आणि जुनं काळपट. सुशीला म्हणाली उलटं आहे. मी म्हटलं जुनं काळं पडलं असेल. आणि म्हटलं तिथेच चपापले.”

“का?”

“अगं, आयुष्य गेलं माझं ह्यात. छापलेला रंग जुना झाला की उडतो, फिका होतो. काळा कधी होतो का? कागद काळा पडला नाही. काळं माझ्या डोळ्यात पडलंय.”

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधीच ऐकला नव्हता. मला रडूच आलं. त्यांनी रफिकभाईंना वर बोलावलं आणि सरळ विचारलं, “शहाड, किती दिवस फसवताय मला?” रफिकभाईंनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं, तीनदा दाखवलेल्या त्या एका शीटसकट. आता ह्या काय करतात म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. कुंदाताई म्हणाल्या, “तीनदा तीच शीट? आणि मी तिसऱ्यांदा ओके केलं?” आणि हसायला लागल्या. पदराने डोळे पुसत हसल्या. ते हसणं होतं का रडणं होतं, देव जाणे.

डॉक्टरांनी एका मिनिटात सांगितलं, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. पिकलेला. ऑपरेशन केलं की झालं, हल्ली काही नसतं त्यात.

पण कुंदाताईंच्या आईचा डोळा अशाच ऑपरेशननंतर गेला होता. शेवटी शेवटी ती लेकीला पावलांच्या आवाजावरून ओळखायची. “मळकं का होईना, मला दिसतंय तरी,” कुंदाताई म्हणाल्या. “तेही गेलं तर मी काय करू? मला दुसरं येतं काय?” लछूसेठ खास जिना उतरून आले. “कुंदाबेन, मेरा तो दोनों हुआ है. सुई में धागा डालता हूँ,” ते म्हणाले. “तुम्हाला सुईत दोराच ओवायचाय. मला निळा ओळखायचाय,” ह्यांनी उत्तर दिलं. सेठ आले तसे वर गेले.

शेवटी त्यांचं त्यांनीच ठरवलं. “एकच करायचा. उजवा. डावा आहे तसा राहू दे. बिघडलंच तर एक तरी शिल्लक. दुसऱ्याचं नाव कोणी काढायचं नाही, माझ्यासमोर तर नाहीच.” त्यांच्या मिस्टरांना हॉस्पिटलच्या वासानेच घेरी यायची, म्हणून बरोबर मी.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी डॉक्टरांनाच फैलावर घेतलं. “डोळ्यात भिंग घालणार ते कुठल्या रंगाचं?”

“पारदर्शक असतं, मावशी.”

“पारदर्शक म्हणजे किती? पिवळट झाक नाही ना? डबी दाखवा.” डॉक्टर भला माणूस, त्याने डबी दाखवली. मग कुंदाताईंनी माझा हात धरला.  म्हणाल्या, “कात्रप, आत गेल्यावर मला भीती वाटतेय हे कोणाला सांगू नकोस. शहाडला तर मुळीच नको.” आणि आत गेल्या.

त्यानंतरही कुंदाताई काही वर्षं प्रेसमध्ये होत्या. आता मुलीकडे नाशिकला असतात, तिथून फोन करून माझ्या व्हॉट्सॲपच्या फोटोतल्या साडीला नावं ठेवतात. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात, त्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या. सकाळी पट्टी काढली, डॉक्टरांनी तपासलं, सगळं छान म्हणाले आणि काळा गॉगल चढवून त्यांना माझ्या ताब्यात दिलं.  कसं दिसतंय विचारलं तर म्हणाल्या, “गॉगलातून काय कळणार? थांब जरा.” घाबरलेल्याच होत्या अजून. मी सबंध रिक्षा केली आणि आम्ही कॅम्प तीनच्या रस्त्याने बुवापाड्याला निघालो.

आमच्या भागात घरोघरी जीन्स शिवतात. दुकानांच्या पुढ्यात, ओट्यांवर, हातगाड्यांवर जीन्सचे ढीग, आणि गठ्ठे लादलेले टेम्पो वाट अडवून उभे. आमच्या कोणाची नजरही जात नाही तिकडे. एका टेम्पोमागे रिक्षा अडकली, आणि कुंदाताईंनी गॉगल काढला.

“ताई, डॉक्टर काय म्हणाले? घाला तो.”

त्यांनी ऐकलंच नाही. टेम्पोतल्या ढिगाकडे बघत राहिल्या. मग बाजूच्या ओट्याकडे, मग पुढच्या दुकानाकडे.

“कात्रप,” त्या म्हणाल्या, “हे सगळं निळं आहे?”

“हो ताई. जीन्स आहेत त्या.”

“जीन्स आहेत ते मला माहितीये गं. पण हे एवढं निळं इथे रोज होतं?”

मी मान हलवली. त्यांनी नवा डोळा तळहाताने झाकला आणि जुन्याने बघितलं. मग जुना झाकला, नव्याने बघितलं. परत एकदा. गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून मी टिश्यू घेऊन नुसती बसले होते.

“हा मेला मला गोणपाट दाखवत होता,” डाव्या डोळ्याबद्दल त्या म्हणाल्या.

टेम्पो हलला. मागून हॉर्न सुरू झाले. रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, “ताई, निघू ना?”

“ए भाऊ, रिक्षा फिरव.”

“फिरव? अहो ताई, बुवापाडा पुढे आहे.”

“बुवापाड्याला नंतर. दवाखान्यात चल, डॉक्टर जेवायला उठायच्या आत,” कुंदाताई म्हणाल्या. “दुसऱ्याची तारीख घ्यायचीय.”

रिक्षावाला पुटपुटत वळायला लागला. भर गर्दीत ते वळण काही एका दमात जमेना. पुढे-मागे, पुढे-मागे चाललं होतं, आणि तेवढा वेळ कुंदाताई एक हात डाव्या डोळ्यावर गच्च दाबून, अर्ध्या रिक्षाबाहेर वाकून त्या ढिगांकडे बघत होत्या.